नाक किती दिवसांपासून वाहतंय?

लहान मुलाचे नाक महिनोन्महिने वाहत राहिले की घरात एकच विचार सुरू होतो, आता कोणते औषध बदलून पाहायचे? वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात हे विचारायला जागा पुष्कळ आहेत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, दोन-तीन किलोमीटरवर पुलगावचे ग्रामीण रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत, बाजारात मेडिकल आहेत. एसटीने किंवा रेल्वेने वर्ध्याला गेले की सावंगी आणि सेवाग्राम अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. एका ग्रामीण जिल्ह्याच्या वाट्याला इतके आलेले सहसा दिसत नाही. तरीही सतत शेंबूड, रात्री तोंड उघडे टाकून घोरणे आणि पहाटेचा खोकला यांनी बेजार झालेली मुले एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतात. माझे म्हणणे असे, की इथे कमतरता औषधाची नाही, दिवस मोजणाऱ्याची आहे. दर भेटीत मूल नव्याने तपासले जाते आणि नवी सर्दी म्हणून नवी बाटली हातात पडते. त्यामुळे ज्या मुलांना औषधाची गरज नाही त्यांना ते भरपूर मिळते, आणि ज्या थोड्या मुलांचे दुखणे खरोखर जुनाट आहे ती याच गर्दीत दिसेनाशी होतात. अतिउपचार आणि दुर्लक्ष एकाच मुळातून येतात, हे एकदा मान्य केले तर पुढची बरीचशी चर्चा सोपी होते.

आधी साधे गणित पाहू. धडधाकट लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होते. अंगणवाडीत जाऊ लागल्यावर पहिली एक-दोन वर्षे त्याहूनही जास्त. एक सर्दी आठ-दहा दिवस टिकते, खोकला मागे रेंगाळतो तो वेगळा. म्हणजे वर्षातले पन्नास-ऐंशी दिवस निरोगी मुलाचेही नाक वाहणारच. हे दिवस वर्षभर सारखे पसरत नाहीत. पावसाळा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीची थंडी यांत ते एकवटतात, एक सर्दी सुकते न सुकते तोच दुसरी येते आणि आईला वाटते, पोराचे नाक दिवाळीपासून थांबलेच नाही. तिचे वाटणे खोटे नसते, पण निदानाला ते पुरत नाही. युरोपातील नाक-सायनस तज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवलेली व्याख्या अशी आहे: नाक चोंदणे किंवा वाहणे यांपैकी एक लक्षण हवेच, त्याच्या जोडीला खोकला किंवा चेहऱ्याचे दुखणे, आणि हे सारे किमान बारा आठवडे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या निवेदनात नव्वद दिवस म्हटले आहे. दोन्हींचा मथितार्थ एकच. मधल्या काळात नाक आठ दिवस तरी कोरडे होते का, मूल तोंड मिटून झोपत होते का, एवढे विचारले की बहुतेक मुले जुनाट सायनसच्या यादीतून गळतात. हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पण त्याचे उत्तर आठवणीवर सोडले तर ते दर वेळी निराळे येते.

दिवस मोजले जात नाहीत तेव्हा त्यांची जागा दोन गोष्टी घेतात, शेंबडाचा रंग आणि एक्स-रे. पिवळा-हिरवा शेंबूड दिसला की 'इन्फेक्शन झालंय' हे वाक्य येतेच. वास्तविक साध्या विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट आणि रंगीत होतो, कारण शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे जमा होतात आणि हिरवेपणा त्यांच्यातल्या द्रव्याचा असतो. २०२३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हा मुद्दा नीट तपासला. दोन ते अकरा वर्षांच्या, सायनसची तीव्र लक्षणे असलेल्या पाचशेहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना प्रतिजैविक आणि निम्म्यांना तसेच दिसणारे बिनऔषधाचे द्रव्य दिले गेले. ज्यांच्या नाकामागे रोगकारक जिवाणू सापडले नाहीत त्यांना प्रतिजैविकाचा फारसा लाभ झाला नाही, आणि शेंबडाच्या रंगावरून कोणाला लाभ होईल हे ओळखता आले नाही. एक्स-रेची गत याहून वाईट. १९९४ मध्ये अमेरिकेत नुकतीच सर्दी झालेल्या ३१ निरोगी प्रौढांचे सीटी स्कॅन काढले तेव्हा ८७ टक्क्यांच्या गालामागच्या पोकळ्यांत बिघाड दिसला, आणि पुन्हा स्कॅन केलेल्यांपैकी बहुतेकांचा तो प्रतिजैविकाशिवाय निवळला. सर्दीत सायनस भरलेले दिसणारच. एक्स-रेवरची ती धुरकट छाया मुलाच्या आजाराचे वय सांगत नाही. त्यात लहानग्यांच्या पोकळ्याही अर्धवट घडलेल्या. गालामागच्या आणि डोळ्यांमधल्या पोकळ्या जन्मतः असतात, पण कपाळातल्या सहा-सात वर्षांच्या आसपास आकाराला येऊ लागतात. तेव्हा चार वर्षांच्या पोराच्या डोकेदुखीचे खापर कपाळाच्या सायनसवर फोडणे म्हणजे बांधायच्या घराला गळती लावणे.

यावर अनुभवाच्या जोरावर घेतला जाणारा आक्षेप ठाऊक आहे: 'औषध दिलं की तिसऱ्या दिवशी पोरगं बरं होतं, हे काय खोटं?' खोटे नाही. पण मुलाला दवाखान्यात नेतात ते सर्दी शिगेला पोहोचल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि तिथून पुढे तीन दिवसांत ती ओसरणारच असते. श्रेय बाटलीला मिळते. पुढच्या खेपेला तीच बाटली, डॉक्टरकडे न जाता, थेट मेडिकलमधून येते. सेफिक्झिमसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने रुग्ण व डॉक्टरांच्या नावाची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपायची असते. ही वही किती ठिकाणी मनापासून भरली जाते, हे प्रत्येक गावाने स्वतःशीच विचारून पाहावे. प्रतिजैविकाला माझा सरसकट विरोध नाही. दहा दिवस उलटूनही काडीचा फरक नसेल, उतरत आलेली सर्दी पुन्हा उसळली असेल, किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप आणि पुवासारखा शेंबूड असेल, तर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची २०१३ ची मार्गदर्शक सूचनाही प्रतिजैविकाचा विचार करायला सांगते. तो तीव्र सायनस झाला. बारा आठवड्यांच्या जुनाट दुखण्यात मात्र प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स उपयोगी पडतात याला भक्कम पुरावा नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते: दुखणे जितके जुने तितकी बाटली 'हाय पॉवर'ची.

प्रतिजैविकाच्या जोडीला सर्दीचे सिरप असतेच, आणि त्याबद्दल विदर्भाने आता तरी भाबडे राहू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होत होती. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या नमुन्यात तामिळनाडूच्या औषध प्रशासनाला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकोल सापडले, मर्यादा ०.१ टक्का आहे. ही भेसळ होती आणि तिचा जाब कारखान्याला आणि तपासणी यंत्रणेला विचारायला हवा, यात दुमत नाही. पण भेसळ नसती तरी प्रश्न उरतोच. त्या सिरपमधील क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडगोळी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढला होता. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. या औषधांनी सर्दीचा एकही दिवस कमी होत नाही. पोर गुंगते, रात्र निभते, आणि शेंबूड वाळून आणखी घट्ट बसतो.

मग जे मूल या चाळणीतून खाली पडत नाही, ज्याचे बारा आठवडे खरोखर भरतात, त्याला झालेले असते काय? पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत पहिला संशय नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असलेल्या अॅडेनॉइडच्या गाठीवर घ्यावा. तीन ते सात वर्षांत ती सर्वांत मोठी असते आणि पुढे आपसूक आक्रसते. तिच्या खाचाखोचांत जिवाणू ठाण मांडून बसतात, सायनसचा निचरा अडतो आणि कानात पाणी साचते. घरच्यांनी पाहायच्या खुणा सोप्या आहेत: मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, गेंगाणे बोलते, टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारल्यावर एकदा वळते आणि एकदा वळत नाही. दुसरा संशय अॅलर्जीवर. तळहाताने नाक सतत वर ढकलत राहिल्याने नाकावर, शेंड्याच्या थोडी वर, आडवी रेघ उमटलेली दिसते, डोळ्यांखाली काळसर छटा येते, शिंका सकाळी ओळीने येतात. तिसरी शक्यता तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि तरी ती महिनोन्महिने निसटते. शेंबूड एकाच नाकपुडीतून येत असेल आणि त्याला दुर्गंधी असेल, तर सायनसचा विचार बाजूला ठेवून आत काय अडकले आहे ते पाहावे. चिंचोका, हरभऱ्याचा दाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, काहीही निघते. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांतच नाकाचा पडदा जळतो, तिथे थांबायला वेळ नसतो. नाकात मांसाचे द्राक्षासारखे घोस दिसले तर मात्र प्रकरण वेगळ्या तपासण्यांचे आहे आणि ते वर्ध्यालाच न्यायला हवे.

खऱ्या जुनाट सायनसवरचा पहिला उपचार ऐकायला इतका साधा आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही: मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकातला स्टेरॉइडचा फवारा, दोन्ही नेमाने आणि महिना-दोन महिने. जलनेती सांगणाऱ्या देशात नाक धुण्याबद्दल संकोच का असावा कळत नाही. तान्ह्यांना सलाइनचे थेंब पुरतात. चार-पाच वर्षांचे मूल ओणवे होऊन पिचकारीने धुवायला शिकते, आणि एकदा मोकळे वाटले की स्वतःच मागते. पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ एवढे प्रमाण बसते. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, इथे सवलत नाही. न उकळलेले पाणी नाकात गेल्याने मेंदूला अमीबाचा संसर्ग होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे जगात आहेत. फवाऱ्याचे नाव काढले की 'स्टेरॉइड' या शब्दाने घर दचकते. ही भीती इंजेक्शन आणि गोळ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि तिथे ती रास्तही आहे. नाकातल्या फवाऱ्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. मोमेटासोनसारखे औषध रक्तात जवळजवळ उतरत नाही आणि दोन वर्षांपासून पुढे वापरता येते. उंचीवर नजर ठेवावी, गरज संपली की थांबवावे, एवढी काळजी पुरते. ब्युडेसोनाइडचा नाकातला फवारा तर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. धोका खरा असेल तर तो नाक झटक्यात मोकळे करणाऱ्या थेंबांत आहे. पाच-सात दिवसांपलीकडे ते घातले की नाक उलट जास्त चोंदते, आणि तान्ह्यांत चुकून जास्त गेले तर श्वास मंदावतो. तरी दुकानात हे थेंब पटकन मिळतात आणि फवाऱ्याला शंभर प्रश्न विचारले जातात! एवढे करूनही फरक न पडलेल्या मुलांत अॅडेनॉइड काढणे ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार साधारण सत्तर टक्के मुलांत त्याने सुधारणा झाली. उरलेल्या तीस टक्क्यांसाठी पुढचे मार्ग आहेत, पण तो तज्ज्ञांचा प्रांत.

आजीबाईंच्या बटव्याबद्दल सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. गरम वरणाचे पाणी, डोके थोडे उंच ठेवून झोपवणे, ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवणे यांनी बिघडत नाही. पण धुरी, कापूर आणि वाफारा यांची गोष्ट वेगळी. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, वाफाऱ्याच्या भांड्याने भाजलेली मुले दर हिवाळ्यात रुग्णालयात येतात, आणि धुरी तर ज्या नाकाच्या अस्तराला आधीच सूज आहे त्यालाच धूर पाजते. नाचणगाव ज्यात येते त्या देवळी तालुक्यासारख्या कपाशीच्या पट्ट्यात धुराचा विषय धुरीपाशी संपतही नाही. गॅस बहुतेक घरांत पोहोचला, पण टाकी परवडेनाशी झाली की पऱ्हाटी चुलीत जाते, अंघोळीचे पाणी तर अनेक ठिकाणी अजून चुलीवरच तापते. शिवाय भाव मिळेल या आशेने कापूस घरातच रचून ठेवलेला असतो. त्या गंजीशेजारी झोपणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते ही तक्रार विदर्भात दरसाल ऐकू येते. मग त्याच खोलीत श्वास घेणाऱ्या तीन वर्षांच्या पोराच्या नाकाला तो भुकटा सोसतो असे कसे मानायचे? उन्हाळ्यात पाळी कूलरची. वर्षभर पडून राहिलेल्या, बुरशी धरलेल्या गवताच्या जाळ्यांवरून तोच वारा घरभर फिरतो. शेतकऱ्याने कापूस कुठे ठेवावा हे लेखातून सांगणे सोपे, त्याच्याकडे दुसरी खोली नसते. निदान मुलाची खाट कापसाच्या आणि चुलीच्या खोलीतून हलवता येते का, एवढे डॉक्टरने विचारावे. चिठ्ठीवर त्यासाठी जागा नसते हे खरे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे. बारा आठवडे वाट पाहा, फवारा मारा, पुन्हा दाखवायला या, हे ज्याची रोजी बुडते त्याला सांगणे क्रूर वाटते. त्यापेक्षा एका भेटीत बाटली घेऊन परतणे त्याला परवडते. आणि डॉक्टरच्या बाजूने पाहिले तर 'औषधाची गरज नाही' असे समजावण्यात वीस मिनिटे जातात, ज्याचे पैसे कोणी देत नाही. मला हा आक्षेप पूर्ण पटतो, म्हणूनच उपदेशाने काही साधेल असे वाटत नाही. भेटीगणिक आणि बाटलीगणिक पैसे मोजले जातात तोवर बाटलीच जिंकणार. याच जिल्ह्यात याला पर्याय शोधला गेला होता, हे विसरायला नको. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास गावांत ज्वारीच्या रूपाने हप्ता गोळा करून आरोग्य विमा चालवला. सुगीला ऐपतीप्रमाणे धान्य द्यायचे आणि वर्षभर सेवा घ्यायची. अशा व्यवस्थेत मूल दवाखान्यात कमी वेळा आले तर नुकसान कोणाचेच होत नाही. तोच प्रयोग आज जसाच्या तसा चालेल असे नाही. ज्वारीचा पेरा राहिलाय कुठे? पण सरकारी आरोग्य केंद्राचा पगारी डॉक्टर हाही बाटलीच्या अर्थकारणाबाहेरच असतो. दिवस मोजण्याचे काम त्याच्या दारात सुरू करणे म्हणून शक्य आहे. वाट पाहणे म्हणजे पोराला वाऱ्यावर सोडणेही नव्हे. डोळ्याभोवती सूज आली, डोळा लाल होऊन पुढे आला, तापासोबत जबर डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या किंवा मूल ग्लानीत गेले, तर बारा आठवडे सोडाच, बारा तासही थांबायचे नाही, तडक रुग्णालय. हे आईला आधीच सांगितलेले असेल तर ती उरलेले दिवस निर्धास्तपणे मोजू शकते.

यासाठी नवी योजना नको. जवळजवळ प्रत्येक घरात माता-बाल संरक्षण कार्ड लसीकरणासाठी जपून ठेवलेले असते. दवाखान्याच्या चिठ्ठ्या हरवतात, ते कार्ड हरवत नाही. त्याला एक कोरा कागद जोडून सर्दी सुरू झाल्याची तारीख, नाक कोरडे झाल्याची तारीख आणि दिलेले औषध अशा तीन नोंदी आशाताईने किंवा अंगणवाडी सेविकेने केल्या, तर सहा महिन्यांनी कोणत्याही डॉक्टरला एका नजरेत कळेल की समोरचे मूल सात सर्दींचे आहे की एकाच न संपलेल्या दुखण्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यातली पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. कानाचा जंतुसंसर्ग त्यांच्या यादीत आहे, तेव्हा त्याच टेबलावर 'रात्री तोंडाने श्वास घेते का' आणि 'नाक सलग तीन महिने वाहतंय का' हे दोन प्रश्न वाढवायला फार मोठी मंजुरी लागू नये. ज्यांची दोन्ही उत्तरे होकारार्थी आली तेवढीच मुले नाचणगावच्या केंद्रातून वर्ध्याला पाठवावीत, कार्डासकट. तिथल्या कान-नाक-घसा विभागाने तपासून दिलेला फवारा पुढे गावच्या केंद्रातच मिळावा आणि फेरतपासणीही तिथेच व्हावी, म्हणजे मजुराच्या दोन-तीन रोजी वाचतील. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेतेच. त्यांच्यातल्या एखादीने एका हिवाळ्यात एका गावातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या अशा तारखा नोंदवल्या, तर किती मुलांना फवारा लागतो, किती जणांना शस्त्रक्रिया आणि किती जणांना फक्त रुमाल, याचा अंदाज बांधायला तालुक्याला स्वतःचे आकडे मिळतील.